उंडा सैल आहे

आमच्या घराण्याचा जपानशी संबंध सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानापुरता. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय, हे पाहुण्यांना सांगायचं, तळ्यातले मासे दाखवायचे आणि घरी आणून पोहे घालायचे. जपानी मासा खायचा असतो, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मग कन्या जपानी भाषेची एन-फाइव्ह परीक्षा पास झाली. पाच पायऱ्यांतली ही सर्वांत खालची, पण तिचा आवाज वरच्या पायरीवरून येऊ लागला. "बाबा, सुशी खायला जाऊ. परवडणारी जागा आहे." परवडणारी हा शब्द पुण्यात कोणी कोणाला ऐकवू नये. पण माझी आत्या (वय ७६, सदाशिव पेठ, शुद्ध शाकाहारी) म्हणाली, "चला, मीही येते." पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि वेळप्रसंगी उपयोगी पडावीत म्हणून दोन थालीपिठं घेऊन तिने डेक्कनला मेट्रो गाठली. बंडगार्डन आलं तेव्हा तिचा चेहरा सीमा ओलांडल्यासारखा झाला होता.

हॉटेल छोटं, टेबलं सहा. काचेमागे एक तरुण आचारी बांबूच्या चटईवर काळा कागदासारखा शेवाळाचा पापुद्रा पसरून त्यावर भात थापत होता. आत्या खुर्चीवर बसलीच नाही, थेट काचेशी गेली. त्याने मध्ये काकडी ठेवली, चटई गुंडाळली, सुरी ओल्या फडक्याला पुसून वड्या पाडल्या. प्रत्येक कापाआधी सुरी ओली. "शिकलेला आहे," आत्या म्हणाली, "पण उंडा सैल आहे." अळूवडीत पन्नास वर्षं घालवलेल्या बाईने दिलेला हा शेरा होता आणि पहिलीच वडी उचलताना काकडी सोयासॉसच्या वाटीत पडली, तेव्हा तो सिद्धही झाला.

कन्येने वाढणाऱ्या मुलाला उद्देशून एक लांबलचक जपानी वाक्य म्हटलं. तो दार्जिलिंगचा निघाला. "ताई, मराठीत बोला ना," तो स्वच्छ मराठीत म्हणाला आणि आत्याकडे वळला, "आजी, ते हिरवं जरा जपून."

आजीने ते आधीच जिभेवर ठेवलं होतं. कन्या पाण्याचा पेला घेऊन उठली. आत्याने डोळे मिटले, नाक चोळलं आणि सांगितलं, "मोहरी फेसलीय." आता, वासाबी ही मोहरीच्याच कुळातली. शिवाय खरी वासाबी महाग असल्यामुळे बहुतेक ठिकाणी मिळते ती हॉर्सरॅडिश आणि मोहरीला हिरवा रंग देऊन केलेली. कन्येने हे मोबाइलवर वाचलं आणि पेला खाली ठेवला.

मी काड्यांशी झटत होतो. आत्या सरळ हाताने खात होती. कन्या कुजबुजली, "आजी, काड्या!" शेजारच्या टेबलावरचे जपानी गृहस्थ (चाकणच्या कुठल्याशा कारखान्यातले असावेत) भातावर माशाचा काप ठेवलेली सुशी दोन बोटांनी उचलून, माशाची बाजू सोयाला टेकवून तोंडात टाकत होते. मी काड्या गुपचूप रुमालाखाली सरकवल्या.

"भात आंबूस लागतोय. सकाळचा आहे का?" आत्याने विचारलं. तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ घालतात, असं कन्येने समजावलं. पण यातही आत्याचाच नेम लागला होता. सुशीचं मूळ रूप म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने आंबवून टिकवायचा. खायचा मासा, भात टाकून द्यायचा. हे मात्र मी आत्याला सांगितलं नाही. भात टाकणाऱ्या देशात ती पुन्हा आली नसती.

स्वस्त सुशीची खरी युक्ती ओसाकाची. योशिआकी शिराइशी नावाच्या हॉटेलवाल्याने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८ साली सुशीच्या बशा तशाच गिऱ्हाइकांपुढून फिरवल्या. आपल्या पंगतीत पानं जागेवर आणि वाढपी फिरतो. तिथे वाढप्यालाच सुट्टी. हवी ती बशी उचलायची, शेवटी बशा मोजून पैसे. आत्याला ही कल्पना पटली नाही. "मग आग्रह कोण करणार?"

आग्रह लागणार होता तो फक्त लोणच्याच्या आल्यासाठी. गुलाबी, पातळ, आंबटगोड. ते तिने तीनदा मागून घेतलं आणि चौथ्यांदा त्या मुलाने न विचारताच आणलं.

बिल १४६० रुपये. आत्याने ते चष्मा लावून वाचलं, काकडीच्या सहा वड्यांवर बोट ठेवलं आणि मंडईतला काकडीचा भाव आठवून थोडा वेळ गप्प राहिली. मेट्रोच्या फलाटावर थालीपिठांचा डबा उघडायला निघाली होती, तिथे खायला परवानगी नाही म्हणून तो वनाझच्या दिशेने बंदच गेला.

तुम्ही जाणार असाल तर भाताची बाजू सोयात बुडवू नका, उंडा सुटतो. आणि आलं पुन्हा पुन्हा मागा. त्याचे आमच्याकडून तरी पैसे घेतले नाहीत.