एका मेथडची बडतर्फी

संगणकाच्या भाषेतून एखादी मेथड काढून टाकणे हे तसे किरकोळ काम. चार ओळी खोडल्या की प्रकरण निकालात निघते. परंतु दस्तऐवजातून तिचे नाव कमी करणे हे सातबाऱ्यावरून मयत खातेदाराचे नाव कमी करण्याइतकेच चिवट कर्म आहे, हे कचेरीतील पायथनच्या मार्गदर्शिकेची जोखीम ज्याच्या शिरावर आहे, अशा माझ्यासारख्या गृहस्थास निराळे सांगावयास नको.

‘असर्टइक्वल्स’चेच पाहा. दोन मूल्ये समान आहेत की नाहीत, याची परीक्षा घेणे एवढेच तिचे माफक कर्तव्य. आणि तेच कर्तव्य तंतोतंत बजावणारी ‘असर्टइक्वल’ शेजारीच नांदत असल्यामुळे २०११ साली, पायथनच्या ३.२ या आवृत्तीपासून, तिला निवृत्तीची रीतसर सूचना मिळाली. पुढे ३.११ च्या वेळी तिला निरोप देण्याचा घाट घातला गेला, तोही मुदतवाढीत विरला, आणि अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ ने तिला बडतर्फ केले. त्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी उद्गारले, “अहो, बारा वर्षे सूचना देऊनही जिचे काही बिघडले नाही, ती आणखी बारा वर्षे राहिली असती तर कोणाचे काय जात होते?”

मी शोध आरंभला, तो ती नवशिक्यांच्या पहिल्याच धड्यात ठाण मांडून बसलेली! तेथून उठवली तर तळटिपेत, तळटिपेतून हुसकावली तर सूचीत. आणि सर्वत्र निःपात झाल्याचा दाखला शोधयंत्राने दिल्यानंतरही, पडद्याच्या एका जुन्या छायाचित्रात, जेथे त्या यंत्राची दृष्टी पोहोचत नाही, तेथे ती निर्धास्त विराजमान होती.

पायथनच्या मूळ दस्तऐवजाने मात्र शहाणपण दाखविले. संदर्भाच्या पानावरून ही जुनी नावे गेली, पण ३.१२ मध्ये नवीन काय, हे सांगणाऱ्या प्रकरणातच जुने नाव आणि त्याची बदली यांचा तक्ता त्याने दिला. हे सौजन्य अनाठायी नव्हे. ‘असर्टइक्वल्स’ लिहिणाऱ्यास ‘असर्टइक्वल म्हणायचे होते काय?’ असे पायथन स्वतःच अदबीने विचारते. परंतु तिच्याबरोबरच सेवामुक्त झालेल्या ‘फेलअनलेस’च्या जागी ‘असर्टट्रू’ आली आहे, हा तर्क नावांच्या साम्यावर विसंबणाऱ्या यंत्रास कोठून सुचावा? ते लिहूनच ठेवावे लागते. आणि ज्याचा प्रोग्राम अडला, तो बिचारा शोधतो ते जुनेच नाव; नवे त्याला ठाऊक असते तर तो अडला कशाला असता? म्हणून समस्त दस्तऐवजकारांस विनंती की, जुने नाव खुशाल खोडावे, मात्र त्याच्या जागी कोण आले, याची नोंद केल्यावाचून खोडू नये.