सहा शेअरांचे धनी

वीजबिल भरण्याची अखेरची तारीख जवळ आली की ज्यांची मुद्रा म्लान होण्याऐवजी प्रफुल्लित होते, असे जे थोडे गृहस्थ छत्रपती संभाजीनगरात आहेत, ते महावितरणचे अधिकारी नव्हेत. मोबाईलवरून लोकांची बिले भरून देणाऱ्या कंपन्यांचे शेअर पदरी बाळगून असलेले ते भाविक गुंतवणूकदार होत. सिडकोच्या कोणत्याही गल्लीत चौकशी केली तर यांपैकी एखादी मूर्ती सापडतेच: वाळूजच्या कारखान्यातून सेवानिवृत्त झालेली, भविष्यनिर्वाह निधीचा बहुतांश राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत निर्धोक ठेवून उरलेल्या किरकोळ रकमेवर देशाच्या आर्थिक क्रांतीचे स्वामित्व संपादन केलेली.

या काकांचे तीर्थरूप निजामी अमदानीत तहसील कचेरीत कारकून होते आणि हाली सिक्क्याचा रुपया फरशीवर खणखणीत वाजल्याखेरीज तो खजिन्यात जमा करून घेत नसत. चिरंजीवांनी ही कर्णपरीक्षेची परंपरा सोडलेली नाही. फरक एवढाच, की ते गुलमंडीवरच्या चहाच्या टपरीपाशी तासभर उभे राहून दुकानदाराच्या पेटीतून निघणारी ‘दहा रुपये प्राप्त झाले’ ही आकाशवाणी ऐकतात, आणि दर उद्घोषणेला, जणू ते दहा रुपये आपल्याच खाती जमा झाले, अशा कृतार्थ दृष्टीने भोवतालच्या मंडळींकडे पाहतात.

त्यांच्या आशावादाला तर्काचे अधिष्ठान नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. “नळाला पाणी आठ दिवसांनी येवो की दहा, पाणीपट्टी यायची कधी थांबली आहे काय?” असा बिनतोड सवाल ते करतात, आणि जायकवाडी तुडुंब भरलेली असतानाही ज्या शहराच्या घागरी कोरड्या राहतात, तेथे या सवालाला उत्तर देण्याची प्राज्ञा कोणाची? शहराची वीज २०११ साली खाजगी कंपनीच्या हाती गेली आणि २०१४ साली महावितरणकडे परत आली. धनी बदलले, बिल अखंड येत राहिले. ज्याला मंदी म्हणून ठाऊक नाही, त्याच्या वसुलीत पैसा घालावा, हा त्यांचा सिद्धांत. यूपीआयचे मासिक व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये एक हजार कोटींपलीकडे गेले आणि दोनच वर्षांत दोन हजार कोटींवर पोचले, हे आकडे त्यांना मुखोद्गत आहेत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमच्या कंपनीने १८,३०० कोटींची समभागविक्री आरंभिली, तेव्हा किमान अर्ज सहा शेअरांचा होता, आणि प्रत्येकी २,१५० प्रमाणे १२,९०० रुपये मोजून काका त्या सहांचे धनी झाले. १८ नोव्हेंबरला बाजारात नोंदणी झाली आणि त्याच सायंकाळी मुंबई शेअर बाजारात भाव १,५६४ वर उतरला. पुढे जानेवारी २०२४ अखेरीस रिझर्व्ह बँकेने त्याच घराण्यातील पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्यास मनाई केल्यावर मे महिन्यात तो ३१० पर्यंत घसरला. काकांनी तरीही कंपनीला ‘आमची कंपनी’ म्हणणे सोडले नाही.

“पण काका, या व्यवहारात तिला मिळते काय?” असे एका शंकेखोर शेजाऱ्याने विचारले. शंका रास्त होती. यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास सरकारने जानेवारी २०२० पासूनच मज्जाव केला आहे; म्हणजे जाधववाडीच्या मोंढ्यात हजारो पोत्यांचे माप करून द्यायचे आणि अडत मात्र दमडीची घ्यायची नाही, असा हा उदीम. पेटीचे भाडे, कर्जे जमवून देण्याची दलाली, असे आडवाटेने जे पदरात पडेल ते. काकांनी क्षणभर डोळे मिटून “आधी गिऱ्हाईक, मग मुनाफा” असे उत्तर दिले आणि चहाचे पैसे शेजाऱ्याकडून भरवले. मोबाईलवरून, हे सांगणे नलगे.

खरी कसोटी मात्र घरात लागली. कागदी बिल नाकारल्याबद्दल महावितरण देते ती दहा रुपयांची सूट पदरात पाडून तेच बिल कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांस छापून आणणारे आणि कॅशबॅकचे वीस रुपये म्हणजे आपल्याच कंपनीचा तोटा आहे याची यत्किंचितही खंत न बाळगता ते खिशात घालणारे हे काका, एके दिवशी अॅपने रिचार्जवर दोन रुपये सेवाशुल्क आकारताच संतापाने थरथरू लागले. भागधारक या नात्याने ज्या दोन रुपयांची त्यांनी चातकवत प्रतीक्षा केली होती, ते ग्राहक या नात्याने द्यायची वेळ येताच त्यांच्या मते दिवसाढवळ्या दरोडा ठरले. “अहो, कंपनी तुमचीच ना?” एवढेच काकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी पुढचे संभाषण झाले नाही.

पुढल्या महिन्यात काका भरणा केंद्राच्या रांगेत, हातात मोजून आणलेले सुट्टे पैसे घेऊन उभे होते आणि मागच्या-पुढच्या मंडळींना सांगत होते, की ही खिडकी आता फार तर दोन वर्षांची सोबती आहे, माणसे घरबसल्या बिले भरू लागली आहेत, आणि या क्षेत्रातली आणखी एक कंपनी लवकरच बाजारात येणार असून तिचा अर्ज चुकवू नये. रांगेतल्या एका तरुणाने तिचे नाव पुन्हा विचारून लिहून घेतले.