पाळकसाहेब संसारावर लिहितात

आमच्या ओळखीच्या एका पाळकसाहेबांनी रोजच्या जगण्याविषयी लिहायला घेतलं आहे. ‘हा उपदेश नव्हे,’ असं पहिल्याच ओळीत बजावून ठेवलंय. दुसऱ्या परिच्छेदात दूध उतू जातं, तिसऱ्यात त्यातून सहनशीलता निघते. धाकट्याची हरवलेली चप्पल तर सापडायच्या आधीच बायबलातल्या हरवलेल्या मेंढराच्या वाटेला लागते. शेगडी कोणी पुसली, चप्पल कोणी शोधली, हे मात्र लेखात कुठे येत नाही.

या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळक शहाणे. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, अभंग-भजनं रचली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं आणि ते अपुरं ठेवून 1919 साली गेले. घरातल्या पसाऱ्यावर ग्रंथ लिहायच्या भानगडीत पडले नाहीत. ते काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केलं. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात टिळकांचा तापटपणा आहे, न सांगता घरातून निघून जाणं आहे, हातचं दुसऱ्याला देऊन मोकळं होणं आहे. तरी राग कुठे साचलेला नाही, तात्पर्य तर नाहीच. वर नवऱ्याचं ‘ख्रिस्तायन’ही बाईंनीच पुरं केलं. लिहिणं-वाचणं शिकल्या त्या लग्नानंतर!

तेव्हा पाळकसाहेब, लिहा, अवश्य लिहा. फक्त पुढचा लेख पाळकीणबाईंना लिहू द्या, आणि न वाचता छापा.