टोपली उभी राहिली पाहिजे

आमच्या वहिनींच्या घरात कुठलीही वस्तू उघड्यावर राहू शकत नाही. चार्जर, कांदे, गोळ्यांच्या स्ट्रिपा, दिवाळीत उरलेल्या पणत्या, दादाचे मोजे, सगळ्यांना कापडी टोपली आहे, टोपलीला अस्तर आहे आणि अस्तराला इतिहास आहे. कांद्यांच्या टोपलीचं अस्तर म्हणजे दादाचा साखरपुड्याचा झब्बा. बाहेरची जीन्स पुतणीची. ती तिने गुडघ्यावर फाटकी अशीच विकत आणली होती, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. वहिनींनी त्या भोकावर खिसा शिवला. खिशात लसूण असतो.

अशा बाईला टापटिपीचं वेड असतं असा लोकांचा समज आहे. तो साफ खोटा. टापटीप हे निमित्त, खरं दुखणं म्हणजे कापड टाकवत नाही. पूर्वी यावर इलाज होता. आजीच्या काळी सगळ्या चिंध्यांची मिळून एक गोधडी व्हायची आणि विषय संपायचा. गोधडी गेली, चिंध्या राहिल्या. मग वहिनींच्या पिढीने टीव्हीला झालरीचं कव्हर घातलं, मिक्सरला टोपडं घातलं, फ्रिजच्या दांड्यालासुद्धा बाही शिवली. 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सरकारने निदान एकदा तरी आपलं ऐकलं, असं वहिनींना वाटलं. त्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन खणाच्या पिशवीतून डबा आणत होता. 2020 मध्ये मास्क आले. दादाला प्रत्येक शर्टाला मॅचिंग मास्क होता आणि बाहेर जायला बंदी होती. साथ ओसरली, मास्क उतरले, पण मशीनला तेल घातलेलं होतं. तिथून टोपल्या सुरू झाल्या.

आता त्यांच्याकडे जाताना मी बरे कपडे घालून जात नाही. वहिनी चहा देतात, ख्यालीखुशाली विचारतात, पण नजर पँटीवर असते. "कापड छान आहे हो भावजी. किती वर्षं झाली?" यातला प्रश्न प्रेमळ वाटला तरी फसायचं नाही. दादाला विचारा. त्याची दोरीवर वाळत घातलेली कॉर्डरॉयची पँट संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यांत नव्हती, रिमोटच्या टोपलीत होती. "अगं, मी ती घालत होतो," दादा म्हणाला. "अहो, बसत कुठे होती?" वहिनी म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होती.

पण एक कबूल करायला हवं, हात विलक्षण आहे. तळ 8 इंच हवा तर दोन तुकड्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून निम्म्या मापाचा, म्हणजे 4 इंची चौकोन कापायचा. बाजू आणि खालची कड शिवून झाली की कापलेली तोंडं उघडून त्यांवर आडवी टीप मारायची. आत्तापर्यंत पिशवीसारखं लोळणारं कापड एकदम तळ टेकून बसतं. कोपऱ्यात जीन्सची जाड शिवण आडवी आली की वहिनी पायडलवरचे पाय काढून घेतात आणि उजव्या हाताने चाक फिरवत एकेक टाका उतरवतात. 16 नंबरची सुई कुरकुरते. या वेळी घरात कुणी बोलायचं नसतं. मध्येच कुकरने शिट्टी दिली तर वहिनी स्वयंपाकघराकडे अशा बघतात की दुसरी शिट्टी जरा दबकतच येते. शेवटी अस्तरात राखलेल्या वीतभर फटीतून सगळी टोपली उलटी ओढून काढायची आणि फट हाताने शिवून टाकायची.

एवढं करून टोपली टेबलावर ठेवतात, दोन पावलं मागे सरतात आणि बघतात. ती उभी राहिली पाहिजे. टोपलीने मान टाकली तर त्या दिवशी आमटीत मीठ कमी. बकरम घालून पाहिलं, एका धुण्यात त्याला पोचे आले. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा लगदा झाला. दादाच्या योगासनांच्या मॅटची एक कड गेली; शवासनात त्याचे पाय आता फरशीवर येतात. शेवटी त्यांना हवं ते सापडलं: एक्स-रेची फिल्म. वाकते, मोडत नाही, भिजली तरी बिघडत नाही. कपाटातलं एक जुनं पाकीट रिकामं झालं आणि कांद्यांची टोपली ताठ उभी राहिली. तिच्या तळाशी दादाचा उजवा गुडघा आहे.

हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण गेल्या महिन्यात तोच गुडघा पुन्हा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, जुना एक्स-रे आणा, तुलना करू. वहिनींनी आधी उसवायला नकार दिला. टीप डबल होती. दादा जिने चढू शकत नव्हता, हा मुद्दा त्यांना तितका भक्कम वाटला नाही. पण अस्तराला कांद्याचा वास बसला होता, ते बदलायचंच होतं, म्हणून उसवली.

दवाखान्यात मीही होतो. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. चारी कडांनी बारीक भोकांची रांग चमकायला लागली.

"ही भोकं कसली?"

"टीप आहे," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी थोडा वेळ दादाकडे पाहिलं. दादा भिंतीवरचा सांगाडा बघत होता.

"आणि यावर नाव, तारीख काहीच नाही."

"ती पट्टी कापावी लागली. 10 बाय 12 ची फिल्म होती, मला 8 बाय 8 हवी होती. पण टाकली नाही हं. चष्म्यांच्या टोपलीच्या कडीत घातली आहे."

डॉक्टरांनी फिल्म उतरवली, चिठ्ठी ओढली आणि नवा एक्स-रे काढून आणा म्हणाले. वहिनींनी चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, उठल्या, पुन्हा बसल्या.

"डॉक्टर, काढतोच आहोत तर गुडघ्याऐवजी छातीचा चालेल का? तो 14 बाय 17 चा येतो."