पुराव्यादाखल मिक्सरास

चि. मिक्सर यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, काल हिने तुला माळ्यावरून काढून कोपऱ्यावरच्या वायरमनकडे न्यायचं ठरवलं. साडेतीनशेत सुरू होशील म्हणे. मी हातापाया पडून अडवलं. बाबा रे, तू आता मिक्सर राहिला नाहीस. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढचा पुरावा झाला आहेस, आणि पुराव्याचा स्क्रू फिरवायचा नसतो.

तू 4,600 रुपयांचा. तिसऱ्याच आठवड्यात खोबऱ्याची चटणी वाटताना धूर काढलास. दुकानदाराने कंपनीचं नाव सांगितलं, कंपनीने सर्व्हिस सेंटरचं, आणि तिथल्या पोराने तुझं बूड हुंगून ‘व्होल्टेज’ एवढंच म्हटलं. आता तिघेही सामनेवाले क्रमांक 1 ते 3.

2019 चा कायदा मोठा दिलदार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य, वकीलही लागत नाही. राहत्या जिल्ह्यात दाखल करा, स्वतः उभे राहा. म्हणून मी फुकटात न्याय आणायला निघालो. झेरॉक्सवाल्याच्या कानावर मात्र हा कायदा गेलेला नसावा. तक्रार, प्रतिज्ञापत्र, नोटीस, पोचपावत्या. आयोगाचे संच वेगळे, सामनेवाल्यांचे तीन, वर आपला एक. शिवाय नोटरी, शिवाय रजिस्टर. तुझी पावती फिकट होत चालली होती, म्हणून हौसेने लॅमिनेट करायला दिली. थर्मल कागद तो. उष्णता लागताच काळाठिक्कर पडला. अखेर डुप्लिकेट बिलासाठी सामनेवाला क्रमांक 1 च्याच पायऱ्या चढलो. त्याने बिल दिलं, वर चहाही पाजला. ज्याच्यावर दावा लावला त्याचा चहा पिताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा, सबळ कारणाशिवाय तारीख पुढे ढकलू नये, असं कायदा म्हणतो. कारणं सगळी सबळच निघाली. एकदा कंपनीचे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा त्यांचा लेखी जबाब टाइप व्हायचा, एकदा त्यांच्या घरी लग्न. मी नऊ वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांच्या एका फेरीच्या फीमध्ये तुझी सख्खी भावंडं दोन तरी आली असती. पण कंपनी तत्त्वाला जागते, तिने एकही पाठवलं नाही.

परवा वकीलसाहेबांनी तुला प्रयोगशाळेत धाडायची मागणी केली. तपासणी असली की तीन महिन्यांचे पाच होतात. तपासणीचे पैसे आधी मी भरायचे. तेव्हा अंगावरची वाळलेली चटणी जपून ठेव, तीही दाखवायची आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
तक्रारदार

ता. क. : हिने माहेरचा पाटा-वरवंटा आणलाय. त्यावरची चटणी तुझ्यापेक्षा सरस होते, पण हे कुणापुढे बोलू नकोस. मानसिक त्रासाचे दहा हजार मागितले आहेत.