शिट्टीचा कायदा

टोकावड्यातले आमचे एक शेजारी मुरबाडच्या एमआयडीसीत बॉयलर सांभाळतात. तिथे प्रेशरचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतात. घरी मात्र त्यांना कुकरजवळ फिरकायची बंदी आहे.

वहिनी डाळीचा कुकर मोठ्या आचेवर लावतात आणि शिट्टी झाली तरी आच तशीच ठेवतात. हे ओट्याशी येऊन म्हणतात, "अगं, प्रेशर आच ठरवत नाही, शिट्टीचं वजन ठरवतं!" बोलणं सोळा आणे खरं. वजन उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच आतला दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. त्या दाबाला पाणी 120 अंशांपर्यंत तापतं. पहिल्या शिट्टीपर्यंत आच मोठी हवी, हे वहिनींचंही खरं. पण त्यानंतर गॅस कितीही भडकवा, डाळ काही लवकर शिजत नाही. नुसती फुसफुस होते आणि पिवळा फेस झाकणावरून ओघळत ओट्यावर येतो.

वजनाची ही युक्ती दनी पापँ या फ्रेंच गृहस्थांची. 1679 साली त्यांनी बंद भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून झडपेवर वजन टांगलं. 1682 साली लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांनी त्यात शिजवलेलं जेवण चाखलं. हाडंसुद्धा मऊ झाली होती म्हणे!

गरज नसताना जोर वाढवायची खोड फक्त स्वयंपाकघरातली नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती थंडीत वाफेवर ऊबदार ठेवतात. त्याला कुकरच्या सातव्या हिश्श्याइतका दाबही पुरतो. तरी शेवटची खोली गार राहिली की कुणीतरी तळघरात जाऊन दाब वाढवतोच. इंधन जास्त जळतं, खोली गार ती गारच. कारण बहुतेकदा नळीत हवा अडकलेली असते. हाताला काहीतरी फिरवायला हवं असतं, मग ते न्यूयॉर्क असो की टोकावडे.

शेजाऱ्यांचं दुःख वेगळंच. 1923 च्या बॉयलर कायद्याच्या जागी 2025 साली नवा कायदा आला, पण 25 लिटरपेक्षा लहान भांड्याला बॉयलर म्हणायला तो तयार नाही. त्यांचा कुकर पाच लिटरचा. वहिनींनी कायदा वाचलेला नाही, पण त्यांना तो बरोबर ठाऊक आहे. यांनी गॅसच्या बटणाकडे हात नेला रे नेला की त्या विचारतात, "अहो, तुमच्या परवान्यावर माझा कुकर लिहिलाय का?"