नाकावरचा चेंडू

मॉन्ट्रियालमध्ये राहून फ्रेंच गाण्यांचा दर्दी म्हणवून घ्यायचं, तर ‘बो दोमाज’ या बँडची पहिली एलपी घरात हवीच. १९७४ सालची. आणि ती अशी ठेवायची, की बूट काढायला वाकलेला पाहुणा सरळ होताच त्याची नजर तिच्यावर पडावी. त्यानं “हे काय?” विचारलं की मी आधी नुसता हसतो. दर्दी माणसानं माहिती एकदम द्यायची नसते.

मग मिशेल रिव्हार, मारी-मिशेल देरोझिए ही नावं घशातल्या ‘र’सकट घेतो. या मंडळींनी पॅरिसकडे न बघता आपल्याच शहराची गाणी आपल्याच बोलीत केली, हे सांगतो. एका गाण्यात तर चक्क पत्ता आहे : ६७६०, सें-व्हालिए. इथे पुणेकर पाहुणा स्वतःचा पत्ता सांगू लागतो आणि बायको पोहे टाकायला उठते. तिला पुढचं पाठ आहे. पुढे गाण्यातला सील येतो.

अलास्कातला हा सील उदास आहे, कारण त्याची प्रेयसी अमेरिकेत सर्कशीत नोकरीला गेलीय. नाकावर चेंडू फिरवायला. (आमच्या ऑफिसात याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात.) एवढ्यासाठी आपली माणसं सोडून जाऊ नये, असं गाणारा म्हणतो. मी सुई उचलतो आणि सीलच्या बाजूनं उभा राहतो. त्यानं तिला अडवलं का नाही? डिपेंडंट व्हिसावर सीलला चेंडू खेळता येतो का? ती पैसे घरी पाठवते की तिथेच मासे घेते? पोहे येईपर्यंत माझं पहिलं कलमही संपलेलं नसतं.

त्याच तबकडीवर एदुआर बोप्रेचं गाणं आहे. तिथे मात्र मला चेष्टा सुचत नाही. सस्कॅचवानमधल्या विलो बंचचा हा पोरगा आठ फुटांहून उंच. पोटासाठी लोकांपुढे उभा राहायचा, तिकीट लावून. १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी वारला, तेव्हा जेमतेम २३ वर्षांचा होता. मेल्यावरही सुटका नाही. ही एलपी निघाली तेव्हा त्याचा देह याच शहरात, विद्यापीठात होता. घरच्यांनी मागितला, तर दिला नाही. रक्षा गावच्या मातीत पोचली १९९० साली. सहा वर्षं नव्हेत हो, शहाऐंशी! माणूस कमवायला बाहेर पडला म्हणून काय त्याला परत द्यायचंच नाही?

एकदा असाच आवाज जरा चढला होता. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा इतका वेळ गप्प होते. पोह्यांतला शेंगदाणा बाजूला सारत त्यांनी विचारलं, “पण ती सर्कशीतली, तिला रजा मिळते का हो वर्षाकाठी?”

“तीन आठवडे,” मी म्हणालो, “तीही मॅनेजर हो म्हणाला तर.”